न दुखणारी बोटं



व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला ‘मानवी चेतासंस्था : रचना आणि कार्य’. तासाभरात हा विषय मांडायचा म्हटलं की वक्ता मेंदूपासून सुरुवात करतो. मोठा मेंदू, लहान मेंदू, मस्तिष्कपुच्छ असं करत करत तो मानेपर्यंत पोचतो, तोवर पन्नास मिनिटं झालेली असतात. हातापायांतल्या नसांना मग उरलेल्या दहा मिनिटांत उरकून टाकलं जातं. मेंदूचं कौतुक करायला आज माणसांची वाण नाही, म्हणून मी उलटा निघणार आहे. सुरुवात कोपरापासून करू, आणि सोबतीला एक आजार घेऊ. त्या आजारानं चेतासंस्थेबद्दल जेवढं शिकवलं तेवढं फार थोड्या पुस्तकांनी शिकवलं असेल. तो आजार म्हणजे कुष्ठरोग.

आधी एक कृती करू. उजवा हात कोपरात थोडा वाकवा. डाव्या हाताच्या बोटांनी कोपराच्या आतल्या बाजूचं टोकदार हाड चाचपा. त्या हाडाच्या मागे एक खाच आहे. खाचेत बोट हलकेच आडवं फिरवलं की सुतळीसारखं काहीतरी बोटाखालून सरकतं. जरा जोरात दाबलं तर करंगळीत झिणझिण्या येतात. दाराच्या चौकटीवर कोपर आपटल्यावर डोळ्यांत पाणी आणणारी नस ती हीच. वैद्यकात तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. शरीरातल्या मोठ्या नसांपैकी इतकी उघड्यावर आलेली नस क्वचितच सापडेल. वर कातडी, खाली हाड, मध्ये स्नायूचं अंथरूण नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

या सुतळीत काय आहे? हजारो धागे, आणि ते तीन जातींचे. काही धागे मेरुरज्जूकडून हाताच्या पंज्यातल्या छोट्या स्नायूंकडे हुकूम नेतात. काही उलट दिशेनं, करंगळीची आणि अर्ध्या अनामिकेची खबर वर आणतात : स्पर्श, दाब, गरम-गार, टोचणं. तिसऱ्या जातीचे धागे कातडीतल्या घामाच्या ग्रंथी आणि रक्तवाहिन्या सांभाळतात. त्यांच्याबद्दल आपल्याला आयुष्यभर काही कळत नाही.

प्रत्येक धागा म्हणजे एका पेशीचा लांबवलेला हात. पेशीचं मूळ शरीर मानेपाशी, मेरुरज्जूत किंवा त्याच्या शेजारच्या गाठीत, आणि धाग्याचं टोक करंगळीत. पायाचं उदाहरण तर आणखी चक्रावणारं आहे. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श आणणारी पेशी कमरेपाशी असते. तिचा एक फाटा खाली अंगठ्यापर्यंत जातो आणि दुसरा पाठीच्या कण्यातून वर मस्तिष्कपुच्छापर्यंत. म्हणजे अंगठ्यापासून मेंदूच्या पायथ्यापर्यंत, सुमारे दीड मीटर, एकच पेशी. त्या पेशीचं मूळ शरीर असतं मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढं. तिला फुगवून लिंबाएवढी केली तर अंगठ्याकडे जाणारा फाटा सुमारे आठशे मीटर लांब होईल, या सभागृहापासून पार गावाच्या वेशीपर्यंत, आणि जाडीला करंगळीपेक्षाही बारीक.

आता एवढ्या लांबच्या टोकाला खायला-प्यायला कोण घालतं? प्रथिनं बनतात ती मुख्यतः मूळ शरीरात. तिथून ती धाग्याच्या आत वाहून न्यावी लागतात. वाहतुकीचा जलद मार्ग दिवसाला सुमारे चारशे मिलिमीटर चालतो आणि संथ मार्ग दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर. कमरेतून निघालेला माल जलद मार्गानं अंगठ्याला पोचायला अडीच दिवस लागतात. संथ मार्गानं निघालेला माल महिने घेतो. ही रसद कुठे अडकली तर सगळ्यात आधी उपाशी कोण मरणार, हे तुम्हीच सांगू शकाल.

रसद मुंगीच्या पावलानं चालते, पण संदेश धावतो. तोही किती वेगानं, हे 1850 सालापर्यंत कुणी मोजलेलं नव्हतं. योहान्नेस म्युलर हे त्या काळातले मोठे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्यांची समजूत अशी, की हा वेग मोजणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यांच्याच शिष्यानं, हेल्महोल्ट्झनं, क्योनिग्जबर्गमध्ये बेडकाच्या पायाची नस घेतली. ती आधी स्नायूच्या जवळ आणि मग लांब अशा दोन ठिकाणी चेतवली आणि स्नायू आखडायला लागणाऱ्या वेळातला फरक मोजला. उत्तर आलं सेकंदाला सत्तावीस मीटरच्या आसपास. विजेच्या तारेच्या हिशेबानं हा वेग काहीच नाही.

माणसात सगळे धागे एका वेगानं चालत नाहीत. जाड धाग्यांवर मायलिनचं वेष्टण असतं. श्वान पेशी धाग्याभोवती स्वतःला गुंडाळून घेतात, साधारण मिलिमीटरभर लांबीची एकेक गुंडाळी, मध्ये उघडी फट. संदेश एका फटीतून दुसऱ्या फटीकडे जातो आणि सेकंदाला पन्नास-साठ मीटर कापतो. बारीक, बिनवेष्टणाच्या धाग्यांचा वेग मात्र सेकंदाला मीटरभर. खाटेच्या पायाला अंगठा आपटला की काय होतं आठवा. आपटल्याचं आधी कळतं. लगेच एक तीक्ष्ण कळ येते. मग क्षणभर काहीच नाही, आणि आपल्याला माहीत असतं की आता येणार! सेकंदभरानं ती खोल, ठणकणारी, शिव्या द्यायला लावणारी वेदना येते. आपटलो एकदाच, पण त्याची बातमी तीन वेगवेगळ्या धाग्यांनी आणली. पाय मात्र त्याच्या आधीच मागे आलेला असतो, कारण तो निर्णय मेरुरज्जूनं परस्पर घेतलेला असतो. मेंदूला नंतर कळवण्यात येतं.

पण प्रत्येक धागा एकेका पेशीचा, हे कळलं कसं? इथे 1873 साल येतं. इटलीत मिलानजवळच्या अब्बियातेग्रास्सो गावात, असाध्य रुग्णांसाठी असलेल्या एका रुग्णालयात, कामिल्लो गोल्जी नावाचा डॉक्टर राहत्या जागेच्या स्वयंपाकघरात प्रयोग करत असे. त्यानं पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून मेंदूचे काप रंगवण्याची रीत शोधली. हजारो पेशींतली एखादीच पेशी तिच्या सगळ्या फांद्यांसह काळीकुट्ट दिसायची. पुढे स्पेनच्या काहालनं हीच रीत वापरून दाखवलं, की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, ती शेजारणीला चिकटलेली नाही. गोल्जीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. 1906 साली दोघांना नोबेल विभागून मिळालं आणि गोल्जीनं त्या व्यासपीठावरून काहालच्या सिद्धान्ताला विरोध केला. विज्ञानातली भांडणं ही अशी सभ्य कपडे घालून होतात.

त्याच 1873 साली नॉर्वेच्या बर्गेन शहरात हान्सेन नावाच्या डॉक्टरनं कुष्ठरुग्णाच्या गाठींमध्ये काडीच्या आकाराचे जंतू पाहिले. ही दोन माणसं एकमेकांना ओळखत असण्याचं काही कारण नव्हतं. पण त्यांनी पाहिलेल्या दोन गोष्टींची गाठ आपल्या कोपरात पडलेली आहे.

हा जंतू विलक्षण आळशी आहे. त्याची संख्या दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस लागतात, त्यामुळे लागण आणि लक्षणं यांत वर्षंच्या वर्षं जातात. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजवर कुणाला वाढवता आलेला नाही. त्याला आवडतात श्वान पेशी, त्यातही बारीक धाग्यांना सांभाळणाऱ्या. आणि त्याला आवडतो गारवा. तीस अंशांच्या आसपास तो सुखात असतो, शरीराच्या आतल्या सदतीस अंशांत नाही. म्हणून तो जिथे नस कातडीच्या जवळ येते तिथे घर करतो : कोपराच्या मागे, मनगटापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या आत, डोळ्याच्या कडेला गालाच्या हाडावर. कोपरातली ती उघडी खाच त्याला आयतीच सापडते. गावोगाव फिरणारा कुष्ठरोग तंत्रज्ञ माणसाचा चट्टा तपासून झाला की कोपर चाचपतो तो यासाठी. नस जाड झालीय का, दाबल्यावर दुखते का, एवढंच त्याला पाहायचं असतं.

गंमत म्हणा की दुर्दैव, नसेचं बरंचसं नुकसान जंतू स्वतः करत नाही. शरीराच्या संरक्षक पेशी त्याच्यावर धावून येतात, नस सुजते आणि ज्या हाडाच्या खाचेत ती बसलेली असते तिथे सुजायला जागाच नसते. आता त्या तीन जातींचे धागे आठवा. हुकूम नेणारे गेले की पंज्यातले छोटे स्नायू सुकतात, करंगळी आणि अनामिका पंज्यासारखी आखडतात. खबर आणणारे गेले की तो भाग बधिर होतो. घाम सांभाळणारे गेले की कातडी कोरडी पडते आणि तिला भेगा जातात. म्हणजे वाकलेलं बोट, बधिर बोट आणि भेगाळलेलं बोट, तिन्ही एकाच हातात. अशा हातानं चुलीवरचं भांडं उतरवा, विळ्यानं गवत कापा, आणि बघा काय होतं.

इथे एका समजुतीबद्दल बोलायला हवं. कुष्ठरोगात बोटं झडतात, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकलं. ते खोटं आहे हे ठासून दाखवण्याचं श्रेय बऱ्याच अंशी पॉल ब्रँड या शल्यविशारदाला जातं. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात 1914 साली मिशनरी आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला आणि 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. कोठाराचं गंजलेलं कुलूप त्यांच्याच्यानं उघडेना. एक लहान कुष्ठरुग्ण मुलगा पुढे आला आणि त्यानं किल्ली एका झटक्यात फिरवली. ब्रँडना त्या पोराच्या ताकदीचं नवल वाटलं. मग जमिनीवर रक्ताचा थेंब दिसला. मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं गेलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. त्याची ताकद आपल्यापेक्षा जास्त नव्हती, त्याला थांबवणारं कुणी नव्हतं.

रुग्णांची बोटं रात्रीतून लहान होतात, अशीही तक्रार होती. पाळत ठेवली तेव्हा कळलं, रात्री उंदीर येऊन बोटं कुरतडत होते आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नव्हती. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली. उपचार म्हणून मांजर लिहून दिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

वेदना ही धोक्याची सूचना आहे, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धवट आहे. सूचना अधूनमधून लागते, वेदनेचं काम मात्र अखंड चालतं. आता तुमच्याकडे पाहा. मी बोलायला लागल्यापासून या सभागृहातल्या प्रत्येकानं खुर्चीत किती वेळा कूस बदलली असेल? कुणी पायावर पाय टाकला, कुणी पुढे सरकलं. व्याख्यान कंटाळवाणं आहे हे एक कारण असू शकतं, पण मुख्य कारण वेगळं आहे. एका जागी दाब पडत राहिला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, बारीक धागे कुरकुर करतात आणि तुम्हाला कळायच्या आत तुमचं शरीर भार दुसरीकडे टाकतं. लांब चालताना टाच हुळहुळी झाली की आपण नकळत पाऊल थोडं तिरपं टाकतो. ब्रँड यांच्या लक्षात आलं, की बधिर पायाची माणसं हे करत नाहीत. ती शंभराव्या पावलाला टाच जिथे टेकवतात तिथेच दहा हजाराव्या पावलालाही टेकवतात. एका पावलाच्या दाबानं काही होत नाही, तोच दाब त्याच जागी हजारदा पडला की मांस आतून फुटतं. कुष्ठरुग्णांच्या मऊ तळाच्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला आल्या त्या यावरूनच.

1966 साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे त्यांनी कृत्रिम वेदना तयार करण्याचा घाट घातला. बोटांवर दाब मोजणारे संवेदक, हद्द ओलांडली की कानात आवाज. रुग्ण आवाज ऐकायचे आणि काम चालू ठेवायचे. मग आवाजाऐवजी विजेचा झटका, तोही काखेत, जिथे अजून कळतं तिथे. एकाला पाना घट्ट फिरवायचा होता. झटका बसणार हे ओळखून त्यानं आधी यंत्र बंद केलं, काम उरकलं आणि मग परत चालू केलं. प्रकल्प गुंडाळावा लागला. वेदनेचं बटण माणसाच्या हाती दिलं की तो ते बंद करणार. खऱ्या चेतासंस्थेनं ते बटण त्याच्या हाती ठेवलेलं नाही. बोटाकडून आलेली बातमी मेंदूत एकाच कचेरीत जात नाही. कुठे, किती हे एका भागात ठरतं, आणि हे नकोसं आहे, आत्ताच्या आत्ता थांबव, हे दुसऱ्या भागात. काखेतला झटका पहिल्या कचेरीत पोचायचा. पण माझं बोट जातंय, ही भावना त्यातून उठत नसे. बधिर झालेला हात रुग्णांना आपला वाटेनासा होतो, हत्यार वाटायला लागतो, हे ब्रँडनी वारंवार नोंदलं आहे.

जन्मतःच वेदना नसलेली माणसंही आहेत. उत्तर पाकिस्तानातल्या काही नातेसंबंधी कुटुंबांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुरे आरपार काढायचा, निखाऱ्यांवर चालायचा. चौदावं वर्ष लागायच्या आत छतावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नातलगांमध्ये एकाच जनुकात दोष सापडला. वेदनेच्या धाग्यांमध्ये सोडियम आत घेणारं एक दार असतं. ते या मुलांमध्ये उघडतच नाही. बाकी स्पर्श, गरम-गार, बुद्धी, सगळं जागच्या जागी.

वेल्लोरला परत येऊ, कारण ब्रँड यांचं खरं काम शस्त्रक्रियेतलं होतं. आखडलेली बोटं सरळ करण्यासाठी ते चांगल्या स्नायूची कंडरा काढून बोटांना जोडत. बाहूतला जो स्नायू मनगट वर उचलायचा, त्याच्यावर आता बोटांचं काम. स्नायू जुना, त्याची नस जुनी, हुकूम मात्र नवा. पहिले काही आठवडे रुग्ण बोट हलवायला जातो आणि भलतंच काहीतरी होतं. मनगट उचलायचं मनात आणलं तर बोट हलतं. मग भौतिकोपचार करणारी माणसं त्याला रोज बसवून तेच करून घेतात, आणि काही आठवड्यांनी एके दिवशी तो विचार न करता घास उचलतो. मेंदूनं आपला नकाशा बदललेला असतो. आज ज्याला मेंदूची लवचिकता म्हणतात आणि ज्याच्यावर जाडजूड पुस्तकं निघतात, ती अशा जेवणाच्या ताटावर रोज दिसत होती.

आपल्या महाराष्ट्राला हा आजार परका नाही. मनोहर दिवाणांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभारलं, बाबा आमट्यांचं आनंदवन सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सेवेबद्दल बोलणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक आहेत. मी फक्त चेतासंस्थेच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो. पहिली, 2005 च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि ‘दूरीकरण’ झाल्याचं जाहीर झालं. पुष्कळांनी त्याचा अर्थ आजार संपला असा घेतला. तो संपलेला नाही. देशात अजून वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त, आणि आपल्याकडे चंद्रपूर, गडचिरोली, पालघरची नावं त्यात येतातच. दुसरी गोष्ट अशी, की बहुविध औषधोपचार जंतूला मारतो, मेलेल्या धाग्याला उठवत नाही. नस सुजून हात बधिर व्हायला लागला आणि सहा महिन्यांच्या आत सूज उतरवणारी स्टिरॉइडं मिळाली, तर गेलेली संवेदना आणि ताकद परत येण्याची चांगली आशा असते. उशीर झाला तर नाही. न दुखणारा, न खाजणारा फिकट चट्टा घेऊन माणूस वर्षभर घरी बसतो, कारण तो दुखत नाही! दुखला असता तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला असता.

आता या सभागृहातल्या लोकांचा प्रश्न. तुमच्यापैकी फार थोड्यांचा कुष्ठरोगाशी संबंध येईल. मधुमेहाशी मात्र प्रत्येक घराचा येतो. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसांना रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या आणि धाग्यांच्या आतली ती रसद, दोन्ही बिघडतात. सुरुवातीला मी विचारलं होतं, आधी कोण उपाशी मरणार. सगळ्यात लांबचा धागा. म्हणून मधुमेहाची बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होते, दोन्ही पायांत सारखीच, आणि मोजा चढवावा तशी वर येते. ती गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर हाताच्या बोटांची पाळी येते, कारण लांबीचा हिशेब तिथे जुळतो.

तिची खूण डॉक्टरच्या आधी घरच्यांना कळते. आजोबा चालत येतात, एका पायात चप्पल असते, दुसरी दारात राहिलेली असते, आणि त्यांना ती निघाल्याचं कळलेलंच नसतं. भारतातल्या डॉक्टरांनी मधुमेही पायाच्या लक्षणांत याची रीतसर नोंद केली आहे. परदेशी पुस्तकांत ते सापडणं कठीण होतं, तिथे माणसं घट्ट बूट घालतात. पाय दुखतात म्हणून गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं, मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालायची, वारीत चप्पल नको म्हणायचं, आणि घरी आल्यावर सुनेनं तळव्याचे फोड दाखवायचे. ही दृश्यं मधुमेहाच्या दवाखान्यात दर उन्हाळ्यात असतात.

तपासणी अगदी साधी आहे. नायलॉनचा एक धागा असतो, तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. रुग्णानं डोळे मिटायचे आणि कळलं की हो म्हणायचं. सेकंदाला 128 कंपनांचा एक स्वरकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा आणि थरथर जाणवते का विचारायचं. ज्याला हे कळत नाही त्यानं रोज रात्री डोळ्यांनी तळवे पाहायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरायचा, चप्पल घालण्याआधी आत हात घालून खडा-खिळा चाचपायचा, पाणी पायानं न बघता कोपरानं बघायचं. पायाच्या नसा जे काम आपण होऊन करत होत्या ते आता डोळ्यांनी आणि हातांनी करायचं. सगळी तपासणी पाच मिनिटांची आहे. ती राहून जाते, कारण तिच्यासाठी रुग्णाला मोजे काढावे लागतात आणि डॉक्टरला खाली वाकावं लागतं.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. धागा आणि स्वरकाटा मी बरोबर आणला आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी कार्यक्रमानंतर मंचाच्या डाव्या बाजूला यावं.